लाईट लाईनला हरकत नाही

मी एक अख्खी गल्ली ब्लेडने खरवडून काढलेली आहे. असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई काहीतरी अलंकारिक बोलतेय. अलंकाराचा आणि माझा काही संबंध नाही. मी ट्रेसर होते. साहेब लोक पेन्सिलीने नकाशा काढायचे, त्यावर दुधी रंगाचा ट्रेसिंग पेपर पसरून तो शाईने गिरवायचा, हे माझं काम. त्यावरची चूक रबराने जात नाही. दाढीचं ब्लेड मधोमध मोडायचं आणि अर्ध्या पात्याच्या कोपऱ्याने हलक्या हाताने शाई खरवडायची. कागदाला भोक पडू द्यायचं नाही. माझा हात त्यात इतका बसला होता की ऑफिसातले सगळे आपापल्या चुका माझ्याकडे आणून द्यायचे. मागल्या गल्लीची एकतीस घरं मी एका दुपारात साफ केली आणि कागदावर साधा ओरखडाही राहिला नाही.

हे ऐंशीच्या दशकातलं बोईसर. माझे वडील साताऱ्याकडचे. इथे कारखाने उभे राहत होते तेव्हा ते फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. मी तेव्हा बाविशीची होते, ड्राफ्टिंगचा कोर्स करून घरी बसले होते, आणि वडिलांच्या कारखान्याला वर्षभर टाळं होतं. अशात एका बाहेरगावच्या कंपनीने बाजारात, सिमेंटच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेऊन ऑफिस थाटलं आणि मला ट्रेसर म्हणून घेतलं. आधी टेंपररी, काम बघून मग पक्की ऑर्डर. घरात कमावती मी एकटी. मी सफाई देतेय असं वाटत असेल तर वाटू द्या, सफाईच आहे ती.

कंपनीचं काम असं होतं: बोईसर स्टेशनपासून कारखान्यांपर्यंत आणि पुढे तारापूरच्या बाजूला माणसं नेणारी एक छोटी रेल्वे टाकायची, तर ती कुठून न्यायची ते ठरवायचं. शिफ्ट सुटली की स्टेशनच्या रस्त्यावर ट्रक, टेम्पो, सायकली आणि रिक्षा यांचा असा गुंता व्हायचा की चालत जाणारा सगळ्यांच्या आधी पोचायचा. म्हणून ही दोन डब्यांची, रस्त्याच्या कडेनेच धावणारी गाडी. इंग्रजीत तिला 'लाईट रेल' म्हणतात, म्हणजे हलकी रेल्वे. साहेब सकाळ-संध्याकाळ 'लाईट रेल लाईन, लाईट रेल लाईन' करायचे. आठवड्याभरात सगळ्यांच्या जिभा दमल्या आणि ऑफिसात नुसतं 'लाईट लाईन' उरलं. मधला 'रेल' कधी गळून पडला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मार्ग तीन होते. तांबडा स्टेशनसमोरच्या मुख्य बाजारातून. सरळ आणि रुंद, पण दोन्ही बाजूंना कापडवाले, भांडीवाले, सराफ. हिरवा गावाबाहेरून, भातखाचरांतून आणि खाजणातून. लांबचा, आणि खाजणाच्या चिखलात भरणी घालता घालता जन्म जायचा. तिसरा निळा. तो बाजाराच्या पाठीमागून, सगळे जिला मागली गल्ली म्हणत तिथून जात होता. नकाशावर निळी रेघ फार सुबक दिसायची. मीच काढली होती.

गल्ली स्वतः मुळीच सुबक नव्हती. अर्धी घरं कुडाची, अर्धी विटांची, कुणाची भिंत बांधून झाली तर पत्रे यायचे राहिलेले. वीज प्रकल्पाच्या बांधकामावर आलेली आणि काम संपल्यावर परत न गेलेली माणसं तिथे राहायची, आणि समुद्राकडच्या गावांहून मासे विकायला येऊन तिथेच घर केलेल्या काही जणी. त्या गल्लीत वीज नव्हती. हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. तारापूरचा प्रकल्प सायकलने जाण्याच्या अंतरावर, डोक्यावरून जाड तारा गुणगुणत मुंबईकडे जायच्या, बाजारात ट्यूबलाईटींचा लखलखाट, आणि गल्लीच्या तोंडाशी शेवटचा खांब. त्याच्या पुढे दिवेलागणीला रॉकेलच्या चिमण्या. घरांना कागद नव्हते म्हणून मीटर नव्हते. गल्लीने वर्षानुवर्षं अर्ज केले होते. आम्ही कॉलनीतले लोक वीज गेली की 'लाईट गेली' म्हणायचो. गल्लीत आणि आसपासच्या गावांत म्हणायचे 'लाईन गेली'. हा फरक मला माहीत होता. लहानपणी मी त्यावरून हसायचेसुद्धा.

गल्लीच्या टोकाला मावशीचं घर होतं. ती काही माझ्या नात्यातली नव्हे, पण आमच्या कॉलनीतले सगळेच तिला मावशी म्हणायचे. ती मूळची सातपाटीची. तिचा नवरा प्रकल्पाच्या बांधकामावर गवंडी होता, त्यानेच हे घर बांधलं आणि घरापुढे काळ्या दगडाचा लांबरुंद ओटा घातला. तो वारला तेव्हा ही त्याच ओट्यावर मासे मांडून बसली. माहेरून पाटी यायची, आणि तिच्याबरोबर आणखी चार-पाच जणी त्या ओट्यावर बसायच्या. माझ्या आईला मटणापलीकडे काही ठाऊक नव्हतं. पापलेट कसं बघून घ्यायचं ते तिला मावशीने शिकवलं.

"कल्ला वर कर, बाय," मावशी म्हणायची. "डोळा खोटं बोलंल, कल्ला नाय बोलत."

मग ती अंगठ्याने कल्ला उचलायची आणि आतली लालभडक झालर दाखवायची, लाल म्हणजे ताजा.

तिचं एकच दुःख होतं आणि ते ती रोज बोलून दाखवायची. गिऱ्हाईक यायचं शिफ्ट सुटल्यावर, म्हणजे अंधार पडताना. बाजारातल्या मच्छीमार्केटात डोक्यावर बल्ब, आणि हिच्या ओट्यावर चिमणी. "चिमनीच्या उजेडात मासा शिळा दिसतो ग. जित्ता आणून ठेवला तरी शिळाच." गिऱ्हाईक ओट्यापर्यंत यायचं, वाकून बघायचं आणि मार्केटाकडे वळायचं. लाईन येईल तेव्हा येईल म्हणून मावशीने एक बल्ब आणि होल्डर आधीच आणून ओट्यावरच्या वाशाला टांगला होता. त्याची वीतभर वायर भिंतीपर्यंत जायची आणि तिथेच संपायची. आठवड्यातून एकदा ती तो बल्ब पदराने पुसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची गंमत वाटायची, मलाही वाटायची.

तर, साहेबांनी सांगितलं की मार्ग ठरवण्याआधी लोकांचं मत घ्यायचं. एक फॉर्म करा, घरोघर जा, हरकत आहे की नाही ते लिहून आणा. ऑफिसात मराठी टाईपरायटर नव्हता. माझं अक्षर चांगलं, म्हणून सायक्लोस्टाईलच्या स्टेन्सिलवर, म्हणजे प्रती काढायच्या मेणकागदावर, मजकूर मीच हाताने कोरला: 'नियोजित लाईट रेल लाईन आपल्या रस्त्यावरून नेण्यास आपली हरकत आहे / नाही.' ओळ बसेना. शेवटचा 'नाही' कडेला जाऊन आपटत होता. ती स्टेन्सिल टाकून दुसरी मागायची म्हणजे बोलणी खायची. मी दुसऱ्या ओळीत तेच वाक्य पुन्हा लिहिलं, 'रेल' गाळून, आणि पहिल्या ओळीवर लाल करेक्शनचं पाणी फिरवलं. ओळ अशी नेटकी बसली की साहेबांनी मान हलवून दाद दिली.

बाजारातल्या व्यापाऱ्यांना फॉर्म वाचायची गरजच पडली नाही. त्यांतले एक वयस्कर कापडवाले स्वतः जिना चढून ऑफिसात आले, चष्मा पुसून नकाशा नीट बघितला, तांबड्या रेघेवर बोट ठेवून "रूळ इथून?" एवढंच विचारलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाजारातून एकजात 'हरकत आहे' आली, दुकानांच्या शिक्क्यांनिशी, आणि वर वकिलाने लिहिलेला इंग्रजी अर्ज.

मागल्या गल्लीत मी एकटी गेले. बायकाच घरी असतील म्हणून बाईला पाठवा, असं ठरलं होतं. मावशीच्या ओट्यावर बसून मी सगळ्यांना गोळा केलं आणि फॉर्म वाचून दाखवला. लाईट लाईन येणार आहे, तुमच्या गल्लीतून नेली तर तुमची हरकत आहे का?

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मावशी म्हणाली, "हरकत? आमी एवडी वर्सं अर्ज करतो, नि तू इचारते हरकत?"

सगळ्या हसायला लागल्या. मीही हसले. मला वाटलं, काय शहाणी माणसं आहेत! ते शेठ लोक बघा आणि ही बघा. प्रगती कुणाला कळते ते यावरून दिसतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली. एकेकीचा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून मी कागदावर उठवत होते आणि मावशी माझ्या खांद्यावरून बघत होती.

"कंच्या बाजूनं नेनार?" तिने विचारलं. "माज्या दाराकडनं नेशील ना?"

"अगदी दारातून," मी म्हटलं.

"आंधळा मागतो एक डोळा नि देव देतो दोन," मावशी म्हणाली आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. तेवढ्यात कारखान्यांकडचा भोंगा झाला. चहा गोड होता, त्यात गवती चहाची पात होती. त्या दिवसातलं मला हे सगळं आठवतं, आणि नको इतकं स्पष्ट आठवतं.

पुढच्या आठवड्यात निळ्या रेघेच्या मोजणीसाठी गल्लीत खुंट्या ठोकल्या. लाकडी खुंट्या, डोक्याला तांबडा रंग, आणि रेघेत येणाऱ्या प्रत्येक घराच्या भिंतीवर गेरूने आकडा. मोजणीची साखळी धरणारा आमचा गडी उत्तरेकडचा, मुकाट काम करणारा. तिसऱ्या दिवशी तो ऑफिसात येऊन म्हणाला, "मॅडम, खुंटी चल के उधर गई।" मला वाटलं, चेष्टा करतोय. जाऊन बघितलं तर खरंच, मावशीच्या शेजारच्या घरासमोरची खुंटी दोन हात सरकून पलीकडच्या भिंतीला टेकली होती. आम्ही मोजून ती जागेवर आणली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सरकलेली, या खेपेला उलट बाजूला. शिवाय सगळ्या खुंट्यांना हळदीकुंकू वाहिलेलं, पहिल्या खुंटीपुढे नारळ फोडलेला. मावशीने मला बोलावून खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवला आणि मी तो खाल्ला.

त्याच वेळी त्या दोन शेजाऱ्यांची जुंपली. एक जण खुंटी उपटून हातात धरून उभा आणि दुसरा त्याच्या अंगावर धावून जातोय.

"खांब माज्या दाराशी पायजे," तो ओरडत होता. "मंजे तार आखूड लागंल!"

दुसरा म्हणाला, "नि माज्या घराला काय मग? तुज्या घरावरनं लोंबती तार घेऊ?"

'तार' हा शब्द मला ऐकू आला. मी वाशाला टांगलेल्या बल्बकडे बघितलं. त्याच्या खाली भिंतीवर गेरूचा आकडा होता आणि मावशीने त्या आकड्यालासुद्धा कुंकू लावलं होतं, मीटरचा नंबर म्हणून. गल्लीतल्या एकाही माणसाने रेल्वेला होकार दिलेला नव्हता. त्यांनी दिव्याला होकार दिला होता. 'लाईट'ही त्यांच्याच ओळखीचा शब्द आणि 'लाईन'ही, आणि जो एक शब्द त्यांना सावध करू शकला असता तो ओळ बसत नाही म्हणून मी गाळला होता.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी त्या भांडणात दोघांची समजूत घातली, खुंटी जागेवर ठोकून घेतली आणि परत आले.

ऑफिसात एक वयस्कर हेड ड्राफ्ट्समन होते, त्यांना मी काका म्हणायचे. माणूस प्रेमळ, मला हाताला धरून काम शिकवणारा. त्यांच्यापुढे फॉर्मांचा गठ्ठा ठेवून मी सगळं सांगितलं. आधी ते खुदकन हसले. मग फॉर्म पुन्हा वाचला आणि हसायचे थांबले.

"हा कुणी लिहिला?"

"मी."

"मग खोटं काय लिहिलंस? लाईटपण आहे, लाईनपण आहे." त्यांनी गठ्ठा नीट जुळवून माझ्याकडे सरकवला. "तुझी ऑर्डर व्हायची आहे ना अजून? आणि मार्ग काय आपण ठरवतो का? ते वरचे ठरवतात. आपण रेघा मारायच्या."

त्यांनी मला दम दिला नाही. दम दिला असता तर कदाचित माझं डोकं तरी फिरलं असतं. त्यांचं म्हणणं मला पटलंही नाही. ते मला सोयीचं वाटलं, एवढंच.

महिन्याने मीटिंग झाली. साहेबांच्या टेबलावर दोन गठ्ठे होते. एक बाजाराचा, सगळीकडे हरकत. एक मागल्या गल्लीचा, एकालाही हरकत नाही. हिरव्या मार्गाचा गठ्ठाच नव्हता, खाजणात फॉर्म भरायला कोण बसलंय? साहेब म्हणाले, "जिथे लोकांना हवीय तिथूनच नेऊ." ते मनापासून म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांनी गल्लीत कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि मी त्या खोलीत कोपऱ्यात स्टुलावर बसून चकार शब्द काढला नाही.

मग तो नकाशा माझ्याकडे आला. रेघेत येणारी बांधकामं काढून पट्टा कोरा दाखवायचा होता. मी ब्लेड मोडलं. वरच्या टोकापासून सुरुवात केली. ही सगळी घरं मीच मापाने गिरवली होती, कुणाची मोरी बाहेर, कुणाचा पडवीचा कोपरा वाकडा, सगळं. मावशीचं घर शेवटी आलं. एक छोटा चौकोन आणि त्याच्यापुढे ओट्याची बारीक पट्टी. पट्टी आधी गेली, मग चौकोन. शाईची काळी भुकटी कागदावर साचली होती, तिच्यावर मी फुंकर मारली.

त्यानंतर मी मागल्या गल्लीचा रस्ता सोडला. ऑफिसला लांबच्या वाटेने जायला लागले. आई विचारायची, मावशीकडून काही आणलं नाहीस बरेच दिवस? मी सांगायचे, महाग झालंय. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं होतं. घरात सुके बोंबील शिजत होते आणि वडील रोज तेच जेवत होते.

पावसाळा संपता संपता एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि माशांचा वास वर आला. मावशी. आमच्या ऑफिसात ती पहिल्यांदाच येत होती. दारात चपला काढून, ओले हात लुगड्याला पुसून ती माझ्या टेबलाशी आली आणि कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला.

"ह्ये आलंय. गल्लीत समद्यांना आलंय. वाचतात त्यांना पन नीट कळंना, लई सरकारी भाषा हाय. कोन काय बोलतो, कोन काय. मी म्हनलं, आपली पोर बसलीय ना तिथं, तिला इचारते." ती माझ्याकडे वाकली. "मीटरचा कागद ना ग?"

मी कागद उघडला. नोटीस होती. सदरहू जागा, नियोजित मार्ग, संपादन. आणि खाली, हरकत असल्यास मुदतीच्या आत लेखी कळवावी. म्हणजे अजून वेळ होता. अंगठे दिलेले असले तरी अजून एकदा नाही म्हणता येत होतं. पलीकडच्या टेबलावर काकांनी मान वर केली. माझी ऑर्डर टाईप होऊन साहेबांच्या ड्रॉवरमध्ये पडली होती, त्या आठवड्यात सही व्हायची होती, आणि हे काकांनीच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

मी नोटीस पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मनातल्या मनात वाचली. मग तिची घडी घातली.

"हो मावशी," मी म्हटलं. "लाईनचाच कागद आहे."

"मंग आंगठा कुटं देऊ?"

"अंगठा नको. जपून ठेव नुसता."

"तेच मी त्यांना सांगत व्हते. खांबाला जागा लागनारच ना." तिने कागद पिशवीत खोचला आणि जाता जाता टेबलावर वर्तमानपत्राची पुडी ठेवली. "दोन पापलेट हायत. आईला दे. लई दिवसांत आली नाय."

गल्लीत वाचता येणारे दोघे-तिघे होते आणि त्यांना शंका आली होती, हे मला मागून कळलं. त्यांना मावशीने गप्प केलं होतं. ऑफिसातली पोर सांगते, ती काय खोटं बोलेल? माझा शब्द छापील कागदाला भारी पडला आणि मुदत निघून गेली. ती पापलेटं आईने तळली आणि मी खाल्ली. शुक्रवारी माझ्या ऑर्डरवर सही झाली.

घरं पाडायला मशीन आलं तेव्हा थंडी पडली होती. आमच्या ऑफिसची मागची खिडकी बरोबर गल्लीवर उघडायची. काका म्हणाले, खिडकी लावून घे, धूळ येते. मी लावली नाही. आरडाओरडा झाला, दगड भिरकावले गेले, एकाला धरून बाजूला नेलं. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना काही मिळणार नाही हेही त्याच दिवशी कळलं, म्हणजे जवळपास कुणालाच नाही. मशीन मावशीच्या घराशी पोचलं तेव्हा ती ओट्यावर चढून उभी राहिली. मला वाटलं, आता ही आडवी पडणार. पण तिने हात वर करून वाशाचा बल्ब फिरवून काढला, पदरात गुंडाळला आणि खाली उतरली. मशीनवाला तेवढा वेळ थांबला. घर लगेच बसलं. ओट्याचे दगड मात्र निघता निघेनात, संध्याकाळपर्यंत ते काम चाललं होतं. मावशीने एकदाही आमच्या खिडकीकडे वर बघितलं नाही. मी तिथेच उभी होते.

रेल्वे आली नाही. एक रूळसुद्धा पडला नाही. वरती कुठेतरी योजना गुंडाळली, कंपनीने दोन वर्षांत ऑफिस बंद केलं, आणि त्या पक्क्या ऑर्डरच्या जोरावर मला एका कारखान्याच्या ड्रॉईंग विभागात नोकरी मिळाली. कोरा केलेला पट्टा कोराच राहिला. मग तिथे खडी पडली, डांबर पडलं, माल भरायला आलेले ट्रक ओळीने उभे राहायला लागले. नव्वदीनंतर त्या रस्त्याला खांब लागले आणि त्यांवर ते पिवळे, सोडियमचे दिवे आले. भरपूर उजेड, आणि त्याच्या खाली घर एकही नाही.

मी लग्न होऊन पालघरला राहायला गेले होते. एकदा आईकडे आले असताना संध्याकाळी त्या रस्त्याने चालत होते. दिवे नुकते लागले होते. खांबांखाली पोत्यांवर पाट्या मांडून कोळणी बसल्या होत्या, आणि दुसऱ्या खांबाखाली मावशी. केस पार पिकलेले. मी मान वळवून पुढे जाणार, तोच तिने हाक मारली.

"बाय! अग बाय! वळखलं नाय मला?"

मी थांबले. तिने माझा हात धरून मला शेजारी बसवलं, आईचं विचारलं, मुलंबाळं विचारली. तू कुठे राहतेस, असं मी विचारल्यावर तिने स्टेशनपलीकडच्या झोपडपट्टीकडे हात केला. मग वर दिव्याकडे बघून हसली.

"तुजी लाईन आली बग. उशिरा आली, पन आली." शेजारणीकडे वळून ती म्हणाली, "ही ती ऑफिसातली पोर. हिला पन फशिवलं ग त्यांनी. लेकरानं आमाला सांगितलं लाईनचा कागद हाय, आन् त्यांनी घरं पाडली. हिला तरी काय माईत?"

म्हणजे इतकी वर्षं ती माझी बाजू घेत आली होती. काहीतरी करायचं म्हणून मी दोन पापलेटं निवडली. सवयीने अंगठ्याने कल्ला वर केला. त्या पिवळ्या उजेडात तो लाल दिसेना, काळपट दिसला.

"ह्या मेल्या दिव्यात समदंच शिळं दिसतं," मावशी म्हणाली. "पन सकाळचं हाय. इश्वास ठेव माज्यावर." आणि तिने पापलेटं माझ्या पिशवीत टाकली.

ती 'इश्वास' म्हणाली नसती तर मी पैसे देऊन उठले असते, हे मी आजही स्वतःला खात्रीने सांगू शकते.

"मावशी," मी म्हटलं, "तो कागद मीटरचा नव्हता."

"माईत हाय ग आता. समद्यांनाच माईत हाय."

"मला तेव्हाच माहीत होतं. तू जिना चढून आलीस तेव्हा. त्याच्या आधीपासून. आधीचा फॉर्मही मीच लिहिला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मावशीने हातातल्या कापडाने माश्या हाकलल्या, एकदा, दोनदा.

"मंग नुसतं नाय म्हनायचं व्हतंस," ती म्हणाली. "एवडं नाय म्हनायला काय लागतं?"

तिने हात पुढे करून माझी पिशवी ओढली, आतून एक पापलेट काढलं, मग दुसरं काढलं, दोन्ही पाटीत परत मांडली आणि त्यांच्यावर पाणी शिंपडलं. मग माझ्या खांद्यावरून मागे बघून तिने हाक दिली.

"ये ग ताई, ये. सकाळचं पापलेट हाय. कल्ला बघून घे."

माझ्या मागे एक बाई पिशवी घेऊन उभी होती. मी उठले आणि तिला जागा करून दिली.